मदत हवी आहे: लूप बंद नसताना मीटर 70 व्होल्ट कसे दाखवतो?

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच गोष्टीत अडकलोय, कुणी समजावून सांगेल का?

जमीन म्हणजे इलेक्ट्रॉनांचं कोठार, वाट मिळाली की वीज तिकडे धावते, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून 9 व्होल्टच्या बॅटरीचं एक टोक मल्टिमीटरमधून अर्थिंगला जोडलं. शून्य मिलिअँपिअर. दुसरं टोक जोडलं, तरी शून्य. मग पटलं: एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन बाहेर पडतील तितकेच दुसऱ्या टोकातून आत यायला हवेत, आणि जमिनीतून बॅटरीकडे परतीची वाटच नाही.

पण ट्रान्सफॉर्मरने पुन्हा घोळ केला. 12 व्होल्टची सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची वीज बाहेर देणारी गुंडाळी), कशालाच न जोडलेली. तिची एक वायर आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर धरला तर एसी 70 व्होल्ट! तिथेच छोटा बल्ब लावला तर तो पेटत नाही आणि आकडा शून्यावर येतो. मग मीटरला दिसलं ते काय? आणि मेन्सची एकच वायर लागली तरी शॉक बसतो, तिथे हा नियम कुठे जातो? मी दुरुस्तीची कामं शिकतोय, चुकीची समजूत घेऊन हात घालायचा नाही.

उत्तर

नियम तोच आहे, तुमची एक लूप फक्त डोळ्यांना दिसत नाही. प्रायमरी (मेन्सला जोडलेली गुंडाळी) आणि सेकंडरी शेजारी शेजारी गुंडाळलेल्या, मध्ये इन्सुलेशन: म्हणजे आपोआप झालेला कपॅसिटरच. इलेक्ट्रॉन तो ओलांडत नाहीत, पण एसीमुळे एका बाजूचे मागेपुढे झाले की दुसऱ्या बाजूचेही होतात. ही कपॅसिटन्स (या कपॅसिटरची क्षमता) 100 पिकोफॅरड धरली तर 50 हर्ट्झला तिचा अडथळा सुमारे 32 मेगाओहम. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध बहुधा 10 मेगाओहम, म्हणून त्याच्या वाट्याला बरेच व्होल्ट येतात. बल्बचा रोध त्यापुढे काहीच नाही, त्याच्या वाट्याला काही उरत नाही.

मेन्सचा न्यूट्रल मात्र सहसा पुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशीच जमिनीला जोडलेला असतो. तिथे जमीन हीच परतीची वायर: फेज, शरीर, जमीन आणि परत ट्रान्सफॉर्मर.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मेन्सएवढ्याच व्होल्टेजच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (सेकंडरी मेन्स आणि जमिनीपासून वेगळी ठेवणाऱ्या) काम करताना सेकंडरीचं कुठलंही टोक अर्थ करू नका, केलं की तो आयसोलेटेड राहतच नाही. आणि त्याच्या दोन्ही वायरींना एकदम हात लागला तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी मेन्सच्या बाजूला असलेली 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गेलेल्या आणि परत आलेल्या प्रवाहात फरक दिसला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होणार नाही. तिच्या दृष्टीने गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखाच असतो.