बाबांच्या नडगीला पॅजेट: सुई बरी की गोळ्या?

वावरवाला (आर्वी तालुका)
बाबा ६८ वर्षांचे. दोन वर्षांपासून नडगी ठणकते, रात्री जास्तच. हात लावला तर गरम लागते, हाड पुढे वाकलंय. गावात सगळे वात म्हणून तेल चोळायला सांगत होते. शेवटी सेवाग्रामला दाखवलं. एक्स-रे, हाडांचा स्कॅन झाला, रक्तातलं अल्कलाईन फॉस्फेटेज (हाडाची झीज-भर किती जोरात चाललीय ते यातून कळतं) ६४० आलं, बरंच जास्त. पॅजेट निघाला, म्हणजे हाड झिजून पुन्हा वेडंवाकडं भरण्याचा आजार. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सुई किंवा रिसेड्रोनेटच्या गोळ्या, असं डॉक्टर म्हणतात. बाबा सुईला नाही म्हणून राहिले. कोणाच्या घरी झालंय का हे?

मोर्शीची लेक
भाऊ, माझ्या आईला कमरेच्या हाडात हेच होतं. सुईच द्या. ५ मिलिग्रॅम, शिरेतून, एकदाच. बहुतेकांना तिचा गुण कित्येक वर्षं पुरतो. त्या रात्री आईला सणकून ताप, अंगदुखी. आम्ही फार घाबरलो होतो. पॅरासिटामॉल दिली, तिसऱ्या दिवशी उतरला. ठणका मात्र हळूहळू गेला. तीन महिन्यांनी फॉस्फेटेज पुन्हा तपासलं, नॉर्मल. एक गोष्ट बाबांना आत्ताच सांगा: वाकलेलं हाड सरळ होत नाही. मागाहून कळलं की माणूस खचतो.

औषधवाला, वरुड
ताईंशी सहमत, पण सुईआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासून घ्याच. ड कमी असताना सुई दिली तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातपाय वळतात. किडनी फार कमजोर असेल तर ही सुई देत नाहीत. त्या दिवशी पाणी भरपूर पाजा.

गोळ्याच घ्यायच्या ठरल्या तर रिसेड्रोनेट ३० मिलिग्रॅम, रोज, दोन महिने. दुकानात सहसा ३५ ची मिळते, ती हाडं ठिसूळ झालेल्यांची, आठवड्यातून एकदा घ्यायची. परस्पर बदलून घेऊ नका. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

बाबा तंबाखूचा खर्रा खातात का? दात आधी दाखवा. या औषधानंतर दाढ काढली तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

वावरवाला
खातात, तीस वर्षं झाली. खालची एक दाढ हलते. सोमवारी दातवाल्याकडे नेतो. काढावी लागली तर जखम भरेपर्यंत सुई थांबवायची का, तेही सेवाग्रामला विचारून घेतो. ताई, तापाचं बाबांना वाचून दाखवलं. तीनच दिवस ना, म्हणाले.