दहा वर्षांनंतरची स्लीटर-किनी

प्रश्न: २००५ च्या ‘द वूड्स’नंतर थांबलेल्या या अमेरिकन बँडने २०१५ मध्ये ‘नो सिटीज टू लव्ह’ काढला; तो जुन्या चाहत्यांच्या आठवणींवरच विसंबलेला आहे का?

प्रतिसाद: मुळीच नाही. आधीच्या अल्बममधला गोंगाट आणि लांबलेले गिटारवादन बाजूला ठेवून त्यांनी दहा गाणी जेमतेम अर्ध्या तासात बसवली आहेत, आणि बँडमध्ये बेस गिटारवादक नसल्यामुळे कॉरिन टकर व कॅरी ब्राउनस्टीन यांच्या गिटारींची एकमेकींत गुंतलेली वीण ठळकपणे ऐकू येते.

दुसरा प्रतिसाद: सहमत, मात्र जॅनेट वाइस यांच्या ड्रमवादनाचा उल्लेख राहिला. २०१९ मध्ये त्या बाहेर पडल्या, आणि त्यांच्याविना झालेला २०२१ चा ‘पाथ ऑफ वेलनेस’ मला तरी मवाळ वाटला.