मदत हवी आहे: दादाला वारं गेलं (लकवा, स्ट्रोक), आता माझंही बीपी १५२/९६. घरात नेमकं काय बदलू?

दिवाणजी_यार्ड

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचायला येतो. आज विचारायचंय, आणि जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४४. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सकाळी दहाला बसलो की सौदे, पट्ट्या, हिशोब. उठायचं ते चहाला. घर विश्रामबागेत. थोरला भाऊ तासगाव तालुक्यात गावी, द्राक्षबाग बघतो.

दोन महिन्यांमागं दादा (वय ५२) पहाटे फवारणी करून आला आणि ओट्यावर बसला तो बसलाच. वहिनीनं पाणी दिलं तर तोंडाच्या एका कडेनं गळायला लागलं. बोलायला जातोय तर शब्दच सापडेनात. घरच्यांना वाटलं फवारणीच्या औषधाची बाधा झाली. लिंबूपाणी पाजलं, अंघोळ घातली. मग कुणीतरी म्हणालं वारं गेलंय, तेल चोळा. एक पाहुणे तर कबुतराचं रक्त लावायचं म्हणून कबुतर शोधायला निघाले होते. मला फोन आला तेव्हा दहा वाजून गेले होते. मिरजेला पोचायला बारा. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "सुरू कधी झालं?" साडेपाचला म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे. आमचे साडेसहा गेले होते, त्यातले बरेचसे ओट्यावरच.

आता दादा काठी घेऊन चालतो. उजव्या हातात जोर कमी, बोलणं तुटक. "कात्री" म्हणायचं असलं की हातानं छाटणी करून दाखवतो.

जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला बीपीची गोळी लागली होती. सहा महिन्यांनी १२४/८० आलं म्हणून त्यानं ती स्वतःच बंद केली. आईचाही पाठिंबा, "गोळ्यांनी किडनी जाते" म्हणून. गोळी चालू होती म्हणूनच १२४ आलं होतं, हे घरात एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

म्हणून मी माझं मोजून घेतलं. १५२/९६, आठवड्यानं १४८/९४. डॉक्टरांनी एक गोळी लिहिली, "मीठ कमी, व्यायाम करा, टेन्शन घेऊ नका" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. टेन्शन घेऊ नका म्हणे! एकदा हळदीच्या सीझनला यार्डात येऊन बसा म्हणावं.

तर अडचणी अशा. घरात रोज भाकरीबरोबर खर्डा आणि लोणचं, संध्याकाळी भडंग. मीठ कमी म्हणजे नेमकं किती? वीस वर्षांची तंबाखू आहे, चुना मळल्याशिवाय आकडेमोड जमत नाही. ओढत नाही, मग खाल्लेलीही धरायची का? आणि चालायला वेळ काढायचा कुठून? लसूण-मेथी सांगणारे भरपूर भेटलेत. ज्यांनी स्वतः घरात काही बदललंय त्यांनी लिहा.

कोयनाकाठची

आमच्या घरी सासऱ्यांना हेच झालं होतं, कऱ्हाडला. मिठाचं आम्ही वजन केलं नाही, पुडा मोजला. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. तुमचा किती पुरतो ते वहिनींना... म्हणजे तुमच्या मिसेसना विचारा.

आम्ही केलेलं इतकंच: ताटातली मिठाची वाटी उचलली, भाकरीच्या पिठात मीठ घालणं थांबवलं, लोणचं रविवारी. पहिले पंधरा दिवस घरात भांडणं. महिन्याभरात जिभेला सवय लागली, आता बाहेरची मिसळ खारट लागते. खर्डा सोडू नका, त्यात मीठ निम्मं करा आणि लिंबू पिळा.

सैंधवाच्या भानगडीत पडू नका. ते गुलाबी असलं तरी मीठच.

रानवाट

एवढं घाबरायचं नसतं. आमच्या मामांचं बीपी लसूण आणि दुधीच्या रसानं उतरलं, गोळी कधीच घेतली नाही. गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही.

ओपीडी_मिरज

रानवाट, गोळी सुटत नाही ती व्यसन लागतं म्हणून नाही, आजार राहतो म्हणून. दिवाणजींच्या दादांनी सोडून बघितली, वर वाचा. दुधी खा, रस घेताना कडू लागला तर लगेच टाकून द्या, कडू दुधीनं विषबाधा होते. पण गोळीच्या जागी दुधी नको. किडनीचं तर उलटंच आहे, वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर किडनी खराब होते.

मी फिजिशियन आहे, ऑनलाइन औषध सांगणार नाही. पण काही गोष्टी सांगतो. २०१६ साली ३२ देशांतल्या पेशंटांचा इंटरस्ट्रोक नावाचा मोठा अभ्यास आला. बीपी, तंबाखू, साखर, पोटाचा घेर, बैठं काम, आहार, दारू, कोलेस्टेरॉलचा समतोल, मानसिक ताण आणि हृदयाचे आजार, एवढ्यांत मिळून स्ट्रोकचा सुमारे ९०% धोका येतो. त्यात एकट्या बीपीचा वाटा जवळपास निम्मा. त्यामुळं सगळं एकदम जमत नसेल तर बीपीपासून सुरू करा, चूक होणार नाही.

घरी मशीन घ्या, दंडावर पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि वहीत लिहा. दिवाणजींना वही काय सांगायची!

खाल्लेली तंबाखूही धरायचीच. निकोटिननं बीपी आणि नाडी दोन्ही चढतात. एकट्यानं सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

साखर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी करून घ्या. नाडी अनियमित असेल तर (एट्रियल फिब्रिलेशन) स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो, आणि पेशंटला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. मोठ्यानं घोरत असाल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा बीपीशी संबंध असतो. कमी सोडियमचं मीठ आणणार असाल तर आधी विचारा, त्यात पोटॅशियम असतं. किडनीच्या पेशंटला आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही.

आणि गावी सगळ्यांना सांगा: तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि १०८ लावायचा. दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरी जायचं. तो इशारा असतो, पुढच्या दोन दिवसांतच खरा झटका येऊ शकतो. तोंडानं काही पाजायचं नाही, गिळणं बिघडलेलं असतं, पाणी फुप्फुसात जातं.

आमराईतला_फिरस्ता

वेळेचं मी सांगतो. आठवड्याला १५० मिनिटं लागतात, ती एकगठ्ठा कोण मागतंय? मी दुकानदार. सकाळी आमराईत वीस मिनिटं, रात्री जेवून दहा. दम लागावा पण बोलता यावं, इतक्या चालीनं. चहाला यार्डातल्या लांबच्या टपरीवर जा आणि साखर कमी सांगा, दोन्ही कामं होतात.

दिवाणजी_यार्ड

सगळ्यांचे आभार. दीड महिन्यानं लिहितोय.

पुडा मोजला. आमच्या घरात पाच माणसं, त्यातली दोन पोरं, आणि किलोचा पुडा वीस दिवसांत संपत होता. म्हणजे माणशी १० ग्रॅम! बायको म्हणाली, "पुडा तुम्हीच आणता, इतक्या वर्षांत कळलं नाही?" हिशोबाच्या माणसाला याहून मोठा टोला नाही. हा पुडा आज एकतिसावा दिवस खातोय.

गोळी रोज, पाणी तापवायला ठेवलं की. वहीतला शेवटचा आकडा १३४/८६. दादाचीही वेगळी वही केलीय, वहिनी लिहितात. तंबाखू दहा पुड्यांवरून तीनवर आलीय, पूर्ण सुटलेली नाही, खोटं सांगत नाही. हेल्पलाइनला एकदा फोन केला. ईसीजी नॉर्मल. घोरण्याबद्दल बायकोनं डॉक्टरांना माझ्याआधीच सांगितलं.

आता नवीन अडचण. परवा मशीन काढलंच होतं म्हणून आईचं मोजलं. तीन दिवस लागोपाठ १६८, १७२, १६६. आई ७४ वर्षांची, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते आणि मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे असं तिचं म्हणणं. डॉक्टरकडं यायला तयार नाही, "मला काय धाड भरलीय" म्हणते. दादाकडं बोट दाखवलं तर रडायला लागते, तेही बघवत नाही. कुणी आपल्या आईला नेलं असेल तर काय सांगून नेलं, तेवढं लिहा.