मदत हवी आहे: जखमेला चिकटलेला कापूस कसा काढायचा?

जांबोटी_घाट
लवकर सांगा कुणीतरी. बाबांच्या जखमेवर कापूस चिकटून बसलाय. ओढला की परत रक्त. हळद भरून बांधलं होतं, आता सगळं मिळून पिवळा कडक पापड झालाय, कडेला कापसाचे तंतू तेवढे दिसतात. कात्रीने कापू का? दवाखान्यात जा म्हणणाऱ्यांनी आधी इथला पाऊस बघावा.

शहापूरची_वहिनी
जखम कुठे? कशाने? कधीची? बाबांचं वय किती? काही म्हणजे काही लिहिलं नाही आणि लवकर सांगा म्हणे.

जांबोटी_घाट
हाताला. इळ्याने. कात्रीचं सांगा ना.

निपाणीचा_नाना
कापूस लावलातच कशाला? आमच्या वखारीत हात कापला की तंबाखूची भुकटी दाबायची, दोन मिनिटांत रक्त बंद. तीस वर्षं बघतोय.

जुना_कंपौंडर
नाना, रक्त थांबतं ते दाबल्याने. स्वच्छ फडकं घेऊन सलग १० मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका, भुकटीशिवायही थांबतं. भुकटीतला कचरा मात्र आत राहतो.
घाट, कात्री नको, ओढणंही नको. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात एक छोटा चमचा मीठ. फडकं भिजवून त्या पापडावर ठेवा, वाळलं की परत भिजवा. पंधरा-वीस मिनिटांत सुटायला लागेल. सुटेल तेवढंच काढा. पुढच्या वेळी कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, आधी गॉज, म्हणजे जाळीदार पट्टी. मेडिकलमध्ये पाकीट मिळतं.
आता सांगा, कधी लागलंय? अंगठा-बोटं नीट वाकतात का? टोकाला हात लावलेला कळतो का?

जांबोटी_घाट
परवा सकाळी. लावणीआधी बांध तासत होते, इळा सटकून डाव्या अंगठ्याखाली बसला. अंगठा हलतो, स्पर्शही कळतो. तसंच चिखलात दुपारपर्यंत लावणी केली, घरी आल्यावर आईने हळद भरली. पाणी गरम करतोय.

काजूवाली_चंदगड
काजूचा चीक हाताला लागला तर पाणी ओतत बसू नका, आधी खोबरेल चोळा. बी फोडायला बसण्याआधीच हाताला तेल लावून घ्यावं. आमच्याकडे बायकांची बोटं काळी पडून सालं निघतात.

शहापूरची_वहिनी
ताई, इथे काजू कुठून आला? 🙂
घाट, हळदीचं मी काही बोलत नाही, आमच्या सासूबाईही लावायच्या. पण ती डब्यातली, रोज फोडणीचा ओला चमचा जातो तीच ना?

टिळकवाडी_७२
हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. बुडबुडे आले की समजा घाण निघाली.

जुना_कंपौंडर
फेस निरोगी मांसावरही येतो आणि तेच मांस जळतं. साबण आणि वाहतं पाणी पुरे. साबण कडेने, पाणी आतून.
घाट, चिखल म्हणालात म्हणून विचारतो, त्या वाफ्यात शेणखत होतं का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय?

जांबोटी_घाट
शेणखत तर असणारच की, लावणी आहे. इंजेक्शन कशाला? इळा गंजलेला नव्हता, लोहाराकडून नुकतीच धार लावून आणलाय.

जुना_कंपौंडर
अहो, गंजाचा काय संबंध? ते जंतू मातीत आणि शेणात असतात. चकचकीत इळ्याची जखमही चिखलात गेली की तीच गत. अशा मळलेल्या जखमेला शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर परत घ्यायचा, स्वच्छ जखमेला १० वर्षं चालतात. आठवतच नसेल तर घेतला नाही असंच धरा. लक्षणं बहुतेक ३ ते २१ दिवसांत कधीही येतात, आधी जबडा धरतो. तोवर थांबायचं का?

चिकोडी_पॅसेंजर
सरळ बेळगावीला सिव्हिलला न्या.

टिळकवाडी_७२
बेळगाव म्हणा हो. मराठीत लिहिताय ना?

चिकोडी_पॅसेंजर
२०१४ पासून कागदावर तेच आहे. एसटीच्या पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, इथे माणसाचा हात कापलाय.

निपाणीचा_नाना
पाटीवरून आठवलं, ८१ सालच्या तंबाखू आंदोलनात आम्ही रस्त्यावर होतो…

शहापूरची_वहिनी
नाना, तो वेगळा धागा काढा, मी वाचेन. घाट, शहरात कशाला जाताय, तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रातही हे इंजेक्शन मिळतं. जुनं कार्ड कन्नडमध्ये असेल तर ‘धनुर्वायू’ शब्द शोधा, नाहीतर तिथली सिस्टर वाचून देईल. आणि बाबांना शुगर आहे का?

जांबोटी_घाट
गोळी चालू आहे. त्याचा काय संबंध?

जुना_कंपौंडर
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं! शुगरवाल्याची जखम हळू भरते आणि पटकन चिघळते. आजच जा. लाली मनगटाकडे चढत असेल, ठणका वाढत असेल किंवा ताप असेल तर पाऊस बघत बसू नका.

जांबोटी_घाट
जाऊन आलो. मीठपाण्याने कापूस सुटला, दोन तंतू राहिले होते ते सिस्टरने चिमट्याने काढले. हळदीखाली चिखलाची काळी रेघ तशीच होती. आईने बघितली आणि काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी धुऊन आणला असता तर दोन टाके घातले असते, आता उघडीच भरू दे. धनुर्वाताचं इंजेक्शन (टीडी) दिलं, पैसे घेतले नाहीत. शुगर २१८. गोळी बदलून दिली, परवा परत बोलावलंय. हात कोरडा ठेवायचा.
आता बाबा ड्रेसिंगवर दुधाची पिशवी घालून सुतळीने बांधतायत. अर्धं शेत लावायचं राहिलंय म्हणे.

जुना_कंपौंडर
पिशवीत घाम धरतो. पट्टी आतून भिजेल.

जांबोटी_घाट
मी सांगितलं. गेले.

काजूवाली_चंदगड
तळहाताला पण खोबरेल चालतं का? काजूचं विचारतेय.