आरोग्यसेवेतल्या माणसाने प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचं तर कुठून सुरुवात करावी?

पाड्यावरची_सिस्टर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबेल.

मी बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षं जव्हार-मोखाडा भागात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होते. त्यानंतर याच भागातल्या एका संस्थेत आले आणि गेल्या ऑगस्टमध्ये कुपोषणाचा एक प्रकल्प पूर्णपणे माझ्याकडे सोपवला गेला. २६ पाडे, ५ कार्यकर्त्या, १८ महिने. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं मोजायची. दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी निघालं, तर ते मूल ग्राम बाल विकास केंद्रात आणि तब्येत जास्त बिघडलेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. ते घरी परतलं की पाठपुरावा करायचा. यातलं नर्सिंग मला येतं. पण निधी देणारे लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि गृहीतकं मांडणारा तक्ता) मागतात, गँट चार्ट (कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता) मागतात, जोखमींची नोंदवही मागतात. हे मला कुणी कधी शिकवलं नाही. जुनी फाइल बघून मी तसंच भरत गेले.

त्याचं काय झालं ते सांगते. पाठपुराव्याच्या घरभेटी मी जानेवारीत लावल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात एका पाड्यावर स्वतः गेले. अकरा घरांपैकी आठ घरांच्या दाराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली. एका कुडाच्या भिंतीवर आमचाच आहाराचा तक्ता, खालचा कोपरा शेळीने खाल्लेला. शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, "भट्टीवर गेलीत सगळी. शिमग्याला येतील." आमच्या यादीतल्या २३ मुलांपैकी १७ मुलं आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर होती. त्यांतली दोन परत आली तेव्हा दाखल केलं होतं तेव्हापेक्षाही हलकी होती.

दिवाळीनंतर इथले लोक स्थलांतर करतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चार वर्षं याच पाड्यांवर लसीकरण केलंय, दर हिवाळ्यात बाळांची यादी अर्धी व्हायची. तरी आराखडा लिहायला बसले तेव्हा ते कागदावर आलं नाही. ही गोष्ट मला फार लागली आहे.

म्हणून आता नीट शिकायचं ठरवलंय. इंजिनियर असलेला भाऊ म्हणतो पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटची व्यावसायिक प्रमाणपत्र परीक्षा, कर. आमच्यासारख्यांसाठी ते योग्य आहे का? रोज रात्री तासभर, रविवारी तीन तास देऊ शकते. घरी मुलगी चौथीत आहे. इंटरनेट बरं चालतं, पण व्हिडिओ अडकतो.

---

कोथरूडकर_७७

ताई, मी आयटीत प्रकल्प सांभाळतो, पीएमपी केलंय. तुम्ही लगेच त्याच्या मागे लागू नका. त्या परीक्षेला बसायलाच ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि पदवीधराला तीन वर्षांचा, प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. तुम्हाला तो अजून दाखवता येणार नाही. पीएमपी घेणाऱ्याच संस्थेची सीएपीएम ही खालची परीक्षा आहे, तिला २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं, अनुभवाची अट नाही. त्याआधी फुकट बघायचं असेल तर सरकारच्या स्वयं पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम असतात. ऐकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क पडतं. व्हिडिओ अडकत असेल तर धड्यांचा लेखी मजकूर मिळतो का पाहा.

आमच्याकडची एक गोष्ट मात्र तुम्ही नक्की उचला: क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत ती बसवली गेली. कुठलं काम कशावर अडलंय याची साखळी काढायची आणि त्यातली सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. पाड्यावरचा अनुभव मला नाही, त्यामुळे याहून जास्त बोलत नाही.

---

वॉर्ड_ते_वाडी

सिस्टर, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. मी २९ वर्षं सरकारी सेवेत परिचारिका होते. आधी प्रसूती कक्ष, मग सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून तालुक्यात. आता आशा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांची प्रशिक्षणं घेते. प्रोजेक्ट मॅनेजमेंट मी पन्नाशीला आले तेव्हा शिकले, तेही असंच रात्री बसून.

तुम्ही म्हणता हे कुणी शिकवलं नाही. शिकवलंय. पार्टोग्राफ आठवा, बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा आलेख. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गर्भाशयमुख किती सेंमी उघडलं ते. चार सेंमीपासून ॲलर्ट लाइन, तासाला एक सेंमीच्या चढाने. तिच्या उजवीकडे चार तासांवर ॲक्शन लाइन. बाई ॲलर्ट लाइन ओलांडते तेव्हा आपण सावध होतो, वरिष्ठांना कळवतो, गाडीची चौकशी करतो. ॲक्शन लाइनला पोचली की निर्णय घ्यावाच लागतो. प्रकल्पाचं नियंत्रण म्हणजे हेच. प्रत्येक टप्प्याला आधीच ठरवायचं, किती उशीर झाला की कुणाला फोन करायचा आणि किती झाला की मार्ग बदलायचा. मला हे वर्गात समजेना. सरांनी फळ्यावर दोन तिरप्या रेघा काढल्या आणि मी म्हणाले, अहो, हे तर मी हजारो वेळा भरलंय.

आता माझी चूक. एका कार्यक्रमात आम्ही ११२ आशांना नवजात बाळाचं वजन करायला शिकवलं. झोळी कशी अडकवायची, काटा शून्यावर कसा आणायचा, बाळ हालत असेल तर आकडा कधी वाचायचा. दोन दिवसांचं चांगलं प्रशिक्षण झालं. वजनकाटे मात्र पाच महिन्यांनी आले. खरेदी दुसऱ्या टेबलावर, प्रशिक्षण माझ्याकडे, आणि माझ्या कागदावर काटे येण्याची ओळच नव्हती. काटे वाटले त्या दिवशी एका आशाने झोळी उलटी अडकवलेली मी पाहिली. तिने सगळं मन लावून शिकून घेतलं होतं, तिचा काडीचाही दोष नव्हता. त्यानंतर मी कुठल्याही प्रशिक्षणाची तारीख सामान हातात पडल्याशिवाय टाकत नाही. कोथरूडकर म्हणतात ती साखळी हीच.

तुमच्या जानेवारीचं उत्तर लॉगफ्रेममध्ये आहे आणि ते आपण सगळेच मोकळं सोडतो. त्या तक्त्यात चार स्तंभ असतात: काय साधायचं, ते कशावरून कळेल, पुरावा कुठे मिळेल, आणि चौथा गृहीतकांचा. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी १९६९ साली हा तक्ता तयार झाला. निधी देणारे पहिले तीन स्तंभ बारकाईने तपासतात, चौथ्यात कुणीतरी 'समाजाचे सहकार्य मिळेल' असं लिहून टाकतं. पण चौथा स्तंभ तुमच्यासारखीनेच भरायचा असतो, कारण मुंबई-दिल्लीतल्या माणसाला ते ठाऊक नसतं. 'जानेवारीत कुटुंब पाड्यावर असेल.' 'आई चौदा दिवस पुनर्वसन केंद्रात राहू शकेल, घरची मोठी मुलं कुणीतरी सांभाळेल.' 'बुडीत मजुरीचे पैसे तिला वेळेवर मिळतील.' अशी एकेक ओळ लिहा आणि समोर स्वतःलाच विचारा, हे खरं आहे का? खोटं निघालं की आराखडा बदला. तुम्हाला स्थलांतर ठाऊक होतं, तरी कागदावर आलं नाही. कारण कागदाने विचारलं ती जागा तुम्हाला कुणी दाखवलीच नाही. एवढं स्वतःला लावून घेऊ नका.

शिकायचं कुठून? पीएम४एनजीओज या संस्थेचं 'प्रोजेक्ट डीप्रो' (आधीचं नाव 'पीएमडी प्रो') नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे, विकासकामातल्या प्रकल्पांसाठीच लिहिलेलं. ते फुकट उतरवून घेता येतं, तुमच्या इंटरनेटला झेपेल. परीक्षा द्यायची की नाही ते नंतर बघा. रोज एक भाग वाचा आणि त्याच रात्री तो स्वतःच्या २६ पाड्यांवर लावून बघा. काल्पनिक उदाहरणं सोडवत बसलात तर महिन्यात विसराल.

आणि गडचिरोलीच्या 'सर्च'चं काम वाचा. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ती संस्था सुरू केली. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावं होती. १९९९ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला. तो आकडा सगळे सांगतात. मी विद्यार्थिनींना त्याच्या आधीचं सांगते: १९९३ ते ९५ ही दोन वर्षं त्यांनी आधीची परिस्थिती मोजण्यात घालवली. आज आशा प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत घरी भेटी देते, त्याचं मूळ तिथे आहे.

---

नागपूर_ते_लेस्टर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बारा वर्षं इंग्लंडमध्ये. वरच्या ताईंनी इतकं नेमकं लिहिलंय की मी फक्त इकडचा एक अनुभव जोडतो.

इथे दवाखाना एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, आणि घरी मदतनीस पाठवण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलची. दोन खाती, दोन अंदाजपत्रकं. माझ्या वॉर्डात ८४ वर्षांच्या एक आजी घरी जायला पूर्ण तयार होत्या. पलंग पोचला, कमोडची खुर्ची पोचली, सकाळ-संध्याकाळ येणारी बाई ठरली. तरी त्या तीन दिवस जास्त राहिल्या, कारण दाराबाहेर किल्ली ठेवायची आकड्यांची छोटी पेटी कुणी बसवली नव्हती आणि मदतनीस बाईला घरात शिरताच आलं नसतं. मला वाटलं सोशल वर्कर बघतेय, तिला वाटलं मी बघतोय. तिसऱ्या रात्री आजींना छातीत कफ झाला आणि मुक्काम आणखी आठ दिवसांनी वाढला.

तेव्हा मी शिकलो की प्रत्येक कामासमोर एकाच माणसाचं नाव हवं. विभागाचं नाव किंवा 'टीम' असं लिहून चालत नाही. मदत करणारे दहा असोत, उत्तर देणारा एक. सिस्टर, तुमच्याकडे अंगणवाडी सेविका एका खात्याची, आशा दुसऱ्या, तुमच्या कार्यकर्त्या संस्थेच्या. मूल केंद्रातून घरी आलं की पहिल्या आठवड्यात त्याला कोण बघणार, तिथे एक नाव लिहिलेलं आहे का?

दुसरं म्हणजे बदल सगळ्या २६ पाड्यांवर एकदम करू नका. इथे आम्ही एका वॉर्डात, एका रुग्णावर, एक दिवस करून बघतो. जमलं तर पाच, मग पुढे.

---

पाड्यावरची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण आधी करून बघितलं.

पुस्तक उतरवलं, गृहीतकांचा भाग आधी वाचला. मग रविवारी पाचही कार्यकर्त्यांना आणि दोन गटप्रवर्तक ताईंना घरी बोलावलं. जमिनीवर चार कार्डशीट चिकटवून लांब पट्टी केली. वर महिने लिहिण्याऐवजी मी विचारलं, पाड्यावर कधी काय असतं? आवणी, म्हणजे भातलावणी. भादव्यात कणगी रिकामी होते तो काळ. भातकापणी. दिवाळी, मग मुकादम उचल देऊन माणसं नेतो. शिमगा. बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. माझ्या मुलीने प्रत्येकाला वेगळा रंग दिला. मग आमची कामं चिठ्ठ्यांवर लिहून त्या पट्टीवर ठेवत गेलो. पाठपुराव्याच्या चिठ्ठ्या ठेवायला घेतल्या तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. रिकाम्या पाड्यांच्या पट्ट्यावर आमची सर्वांत जास्त कामं होती.

आता मुलं शोधायची मोहीम आषाढ-श्रावणात ओढली आहे, म्हणजे उपचार आणि पाठपुरावा दिवाळीआधी बसतो. जे जाणार त्यांच्या मुकादमाचा नंबर आणि भट्टीचं गाव दसऱ्याला लिहून घ्यायचं, ते काम एका गटप्रवर्तक ताईंनी स्वतःहून अंगावर घेतलं. त्यांच्या नावावरच लिहिलं. एकाच पाड्यापासून सुरू करतोय.

वॉर्ड ते वाडी ताई, पट्टीचा फोटो टाकलाय. काही सुटलंय का सांगाल?

---

वॉर्ड_ते_वाडी

फोटो मोठा करून पाहिला. भादव्यातली रिकामी कणगी तुम्ही लाल रंगात घेतलीत, फार बरं केलंत. पुस्तकात ते कधीच सापडलं नसतं.

एक सुटलंय. उजवीकडचं शेवटचं टोक बघा. प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू झाला, १८ महिने म्हणजे जानेवारीअखेर. तुमची शेवटची मोजणी कुठल्या महिन्यात आहे?

---

पाड्यावरची_सिस्टर

जानेवारीत. देवा.

पट्टीवर ती चिठ्ठी आम्ही ठेवलीच नव्हती, करारातच लिहिलेली म्हणून. त्या महिन्यात मोजलं तर पाड्यावर राहिलेली सहा-सात मुलंच मोजली जातील आणि तोच आमच्या कामाचा निकाल ठरेल.

---

वॉर्ड_ते_वाडी

घाबरू नका, हातात सात महिने आहेत. याच आठवड्यात निधी देणाऱ्यांना पत्र लिहा. दोन पर्याय द्या: शेवटची मोजणी ऑक्टोबरात, भातकापणीच्या आधी, किंवा प्रकल्पाला दोन महिने विनाखर्च मुदतवाढ आणि मोजणी शिमग्यानंतर. या जानेवारीतले २३ पैकी १७ हे आकडे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात घाला, आणि पट्टीचा फोटो जोडा. मला विचाराल तर ऑक्टोबर मागा, पण भट्टीवरून परतलेल्या मुलांची वजनं मार्चमध्ये वेगळी घ्याच.

मसुदा झाला की इथे टाका, मी वाचते.