शब्दचर्चा: 'पाठीचे स्नायू' आणि 'पाठीवरचे स्नायू'

परळीकर: मुलगी फिजिओथेरपीला आहे. तिच्या हिंदी टिपणात 'पेशी' म्हणजे स्नायू, आपल्या शाळेच्या पुस्तकात पेशी म्हणजे सेल. शिवाय 'कायखंड' म्हणजे काय?

अंबाजोगाईकर: हिंदीनं जुना अर्थ धरून ठेवला. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत; तिथं पेशी म्हणजे मांसाचा स्नायू, आणि 'स्नायू' म्हणजे हाडं-सांधे बांधून ठेवणारे दोर. मराठीत दोन्ही शब्दांचे अर्थ सरकले. तिनं मराठीत लिहिताना मराठीचेच अर्थ धरावेत, नाहीतर 'स्नायू बनवणाऱ्या पेशी' हे वाक्यच लिहिता येणार नाही.

कायखंड म्हणजे गर्भाच्या चेतानलिकेच्या (पुढं मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीच्या) दोन्ही अंगांना जोडीनं तयार होणारे मध्यस्तराचे, म्हणजे गर्भाच्या तीन थरांतल्या मधल्या थराचे ठोकळे. पहिली जोडी साधारण २०व्या दिवशी डोक्याच्या बाजूला दिसते; पुढं शेपटीकडे भर पडत पाचव्या आठवड्याअखेर ४२ ते ४४ जोड्या होतात. खंडाच्या आतल्या भागातून मणके-बरगड्या, बाहेरच्या भागातून स्नायू आणि पाठीच्या कातडीचा आतला थर.

लातूरकर: पोतं उचलल्यापासून काखेच्या मागं दुखायलंय. तो स्नायूही पाठीचाच म्हणायचा ना?

अंबाजोगाईकर: तो पाठीवरचा. हा फरक मराठीत एका प्रत्ययात सांगता येतो, आणि पुस्तकांनी तो वापरायला हवा असं मला मनापासून वाटतं. कायखंडाच्या स्नायूभागाचे दोन वाटे होतात. मागचा वाटा कण्यालगत राहतो. आपल्याला ताठ उभे करणारे ते पाठीचे स्नायू. पुढच्या वाट्यातून छाती-पोटाच्या भिंतीचे आणि हातापायांचे स्नायू होतात. काखेमागचा रुंद स्नायू हाताच्या अंकुरात घडतो आणि नंतर पाठीवर पसरत कमरेपर्यंत पोचतो. ओळख पटते चेतातंतूवरून (स्नायूला येणाऱ्या नसेवरून): ऊसतोडीला माणूस कुठंही गेला तरी रेशनकार्ड गावचंच असतं. या स्नायूचा तंतू मानेतल्या ६, ७, ८ क्रमांकाच्या चेतांच्या पुढच्या शाखांतून येतो, म्हणजे तो पुढच्या वाट्यातला. पाठीच्या अस्सल स्नायूंना मागच्या शाखा मिळतात.

परळीकर: मग एक कायखंड म्हणजे एक मणका, असं लिहिलं तर चालेल?

अंबाजोगाईकर: चुकेल. खंडाचा मणक्याचा भाग मधोमध दुभंगतो आणि खालचा अर्धा त्याखालच्या खंडाच्या वरच्या अर्ध्याला जुळतो. स्नायूचा भाग मात्र जागेवरच राहतो, त्यामुळे तो दोन मणक्यांमधला सांधा ओलांडतो. म्हणून तर तो आखडला की मणका हलतो.