सरकार पडते, पुढे काय?

प्रश्न (रामबाग, इंदूर): 1999 साली वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि पर्यायी सरकार न जुळल्याने निवडणूक घ्यावी लागली. जर्मनीही संघीय संसदीय प्रजासत्ताक आहे. तिथे ही पोकळी कशी टाळतात?

उत्तर: तिथल्या मूलभूत कायद्याच्या (म्हणजे राज्यघटनेच्या) 67व्या कलमानुसार बुंडेस्टागला (लोकांनी निवडलेल्या सभागृहाला) नवा चान्सलर (सरकारप्रमुख) बहुमताने निवडल्याशिवाय जुन्याला हटवता येत नाही. 1982 साली श्मिट यांच्या जागी कोल आले ते याच मार्गाने. वायमार काळातील (1919 ते 1933 च्या जर्मन प्रजासत्ताकातील) अस्थैर्य पाहता ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

उत्तर: मान्य, परंतु चान्सलरने स्वतः मांडलेला विश्वासठराव फेटाळला गेल्यास मुदतपूर्व निवडणूक होऊ शकते, जशी चान्सलर शोल्झ यांचा ठराव फेटाळला गेल्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये झाली.

उत्तर: राज्यांचा वाटाही पाहावा. आपल्या मध्य प्रदेशातून राज्यसभेचे 11 सदस्य आमदार निवडतात. बुंडेसराटमध्ये (जर्मन राज्यांच्या सभागृहात) मात्र राज्य सरकारांचे मंत्रीच बसतात.